मयेकर बाईंचं ‘नॉट अ‍ॅट ऑल’

परवा ठाण्यात बसमध्ये एका मुलीनं उठून मला जागा दिली. मी टेकता टेकता म्हटलं, “थँक्यू गं.” तिनं कानातला इअरफोन काढलासुद्धा नाही. “नो वरीज, आंटी,” म्हणाली आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरली. पोरगी भलीच होती. हल्ली उठतं कोण? तरी मला उगाच चीड आली. कसली वरी? मी कुठे काळजीत होते? दोन स्टॉप गेल्यावर कळलं, की चीड त्या पोरीवर नव्हतीच. थँक्यू म्हटल्यावर एक ठरावीक उत्तर ऐकायची माझ्या कानांना सवय लागलेली आहे, आणि ते उत्तर देणारं माणूस आता राहिलेलं नाही.

ते उत्तर म्हणजे “नॉट अ‍ॅट ऑल”, आणि ते माणूस म्हणजे आमच्या मयेकर बाई. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

कळव्याच्या आमच्या मराठी शाळेत बाई इंग्रजी शिकवायच्या आणि मी विज्ञान. मी डोंबिवलीहून यायची, त्या ठाण्याहून, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतून. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये कुठं बसावं ते मला कळेना, तेव्हा त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा वह्यांचा गठ्ठा उचलला आणि खुर्ची पदरानं पुसली. मी म्हटलं, “थँक्यू, मॅडम.” त्यांनी मान जराशी तिरपी केली आणि तिन्ही शब्द सुटे सुटे, शेवटचा किंचित लांबवत म्हणाल्या, “नॉट. अ‍ॅट. ऑऽल.” मी घाबरून उभीच राहिले. मला वाटलं, या बसू नको म्हणाल्या.

“अगं बस की,” त्या म्हणाल्या. “थँक्यूला उत्तर दिलं मी.”

बाई ठेंगण्या, सावळ्या, अंगानं भरलेल्या. साडी कडक इस्त्रीची आणि जिथे तिथे पिना लावलेली; वाऱ्यावादळात निघाल्या तरी पदर जागचा हलणार नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मुलांवर ओरडायच्या नाहीत, नुसत्या चष्म्यावरून बघायच्या, आणि तेवढ्यानं वर्गाचं पाणी पाणी व्हायचं. माहेर मालवणच्या बाजूला कुठंतरी खाडीकाठी. चौथीनंतर मामाकडे ठाण्याला शिकायला आल्या त्या इथल्याच झाल्या. आमच्याशी बोलायच्या ते पुस्तकातल्यासारखं स्वच्छ मराठी. मालवणी फक्त गावाकडच्या भावाचा फोन आला की. तेव्हा त्यांचा आवाजही बदलायचा, मोठा व्हायचा, आणि फोन ठेवला की पुन्हा इस्त्री केल्यासारखा सरळ.

मुलं त्यांना ‘नाटेटॉल बाई’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही. वर्गात त्यांचा एक खेळ असायचा. मुलाच्या हातात खडू द्यायचा. त्यानं थँक्यू म्हणायचं, यांनी नॉट अ‍ॅट ऑल. मग त्यानं खडू परत द्यायचा, यांनी थँक्यू म्हणायचं आणि त्यानं मान तिरपी करून नॉट अ‍ॅट ऑल. सगळा वर्ग संपेपर्यंत हे चालायचं. मी शेजारच्या वर्गात झाडाची मुळं शिकवत असायची आणि भिंतीपलीकडून साठ वेळा तेच तेच. एकदा वैतागून म्हटलं, “बाई, या शब्दांवर तुमचं एवढं काय प्रेम?”

“हे बघ सुनंदा,” त्या म्हणाल्या, “आपल्यात आभाराला उत्तरच नाही. आमच्या गावात तर आभारही नव्हते. शेजारणीनं फणस दिला तर घ्यायचा, आणि चार दिवसांनी तिच्या भांड्यात काहीतरी घालून भांडं परत करायचं. इथं शहरात आल्यावर लोक तोंडानं आभार मानायला लागले. पण समोरच्यानं काय म्हणायचं? तो आपला वेड्यासारखा हसतो, नाहीतर ‘त्यात काय’ म्हणतो. नॉट अ‍ॅट ऑल म्हटलं की कसं, तुमचं ओझं माझ्यावर नाही, माझं तुमच्यावर नाही. दोघंही मोकळे.”

या शब्दांनीच त्यांना नोकरी मिळाली होती, असं त्या सांगायच्या. मुलाखतीत संस्थेचे चिटणीस म्हणाले, “थँक्यू, यू मे गो.” बाई म्हणाल्या, “नॉट अ‍ॅट ऑल, सर.” चिटणीसांना वाटलं, ही पोरगी जायला तयार नाही. ते चिडून म्हणाले, अहो जा म्हणजे जा. तेव्हा बाईंनी दारात उभं राहून त्यांना समजावून सांगितलं, की मी तुमच्या ‘थँक्यू’ला उत्तर दिलं, ‘गो’ला नाही. गो मी करतेच आहे. चिटणीस हसून हसून बेजार झाले आणि त्यांनी तिथंच सांगितलं, सोमवारपासून ये.

पण हे काही दर वेळी निभावत नव्हतं. कळव्याला शाळेच्या कोपऱ्यावर एक म्हातारी मासळी घेऊन बसायची. जुन्या गावातली, आवाज खणखणीत. बाई तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. एकदा म्हातारी वाटा लावता लावता म्हणाली, “बाय, मी तुला महाग लावतंय असा वाटतंय काय?” बाईंच्या तोंडून सवयीनं गेलं, “नॉट अ‍ॅट ऑल.” म्हातारीनं ‘नॉट’ तेवढं ऐकलं आणि बोंबील परत टोपलीत टाकले. “नको त नको! सकालचे पारी इंग्रजीन शिव्या कनाला देतंस?” तिची समजूत घालता घालता बाईंना दुप्पट बोंबील घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या डब्यात बोंबील. आणि पंधरा दिवसांनी काय ऐकते, तर म्हातारी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला सांगत होती, “मापात लबाडी? नाटेटॉल!”

शिपायानं चहा आणला, नॉट अ‍ॅट ऑल. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, मुलांना इंग्रजी जड जातं का, नॉट अ‍ॅट ऑल. मी विचारलं, बाई, पाय दुखतायत का, तीन मजले चढून आलेल्या, दम लागलेला, तरी नॉट अ‍ॅट ऑल. कधी ते ‘असू दे’ असायचं, कधी ‘छे छे’, कधी ‘गप्प बस आता’. मान तिरपी असली तर आभाराचं, मान ताठ असली तर नकाराचं, आणि नजर खाली असली तर ते साफ खोटं. हे मला कळायला दोनेक वर्षं लागली, पण नंतर मी कधी चुकले नाही.

एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, “मराठीत बोललं की मला रडू येतं. इंग्रजीत कसं, रडू येत नाही गं.” मी हसले. त्या नाही हसल्या.

त्यांचे यजमान वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. शांत माणूस, बाईंच्या इंग्रजीचं त्यांना भारी कौतुक. मुलगा मंदार बारावीत असताना यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. बाईंनी मला फोन केला म्हणून मी डोंबिवलीहून धावत हॉस्पिटलात गेले. मंदार औषधं आणायला खाली गेला होता. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. दार उघडून तरुण डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला, आणि बाईंकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “सॉरी, मॅडम.”

बाई उभ्या राहिल्या. मान तिरपी झाली. “नॉट अ‍ॅट ऑल, डॉक्टर,” म्हणाल्या.

मी बाईंचा हात धरला तर तो बर्फासारखा गार. त्यांना बातमी कळली नव्हती असं नाही, कळली होती. पण कुणी सॉरी म्हटलं की त्या माणसाला अवघडलेलं ठेवायचं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की नवरा गेल्याच्या क्षणालाही त्यांनी आधी त्या डॉक्टरला मोकळं केलं. पुस्तकात सॉरीला हे उत्तर असतं की नाही मला माहीत नाही. बाईंच्या पुस्तकात होतं. हा प्रसंग मी पुढं फक्त एकदाच कुणाला तरी सांगितला. त्याचं पुढं येईल.

मंदारचं पुढचं सगळं त्यांनी एकटीनं केलं. मुलगा सरळ, अबोल, बापावर गेलेला. इंजिनीअर झाला, नोकरीला लागला, आणि त्याच्याच ऑफिसातली ऋतुजा त्यानं पसंत केली. ऋतुजा ठाण्याचीच, पण इंग्रजी शाळेत शिकलेली. ऑफिसात नव्या माणसांना फोनवर कसं बोलायचं ते शिकवायची. चुणचुणीत, बोलकी, मनात काही न ठेवणारी. लग्न झाल्यावर पहिलं वर्ष दोघींचं असं गूळपीठ होतं, की स्टाफरूममध्ये आम्हाला रोज “आमची ऋतुजा” ऐकून कंटाळा आला.

मग बाई निवृत्त झाल्या. शाळेतला समारंभ आटोपून आम्ही पाच-सहा जणी त्यांच्या घरी चहाला गेलो. सगळ्या बाईंचे आभार मानत होत्या, आणि बाई प्रत्येकीला मान तिरपी करून त्यांचं उत्तर देत होत्या. ऋतुजा बश्या भरत होती. ती हसत हसत म्हणाली, “आई, एक सांगू? आता असं कोणी बोलत नाही हो. नॉट अ‍ॅट ऑल एकदम जुनं झालं. आमच्याकडे कोणी क्लायंटला असं बोललं ना, तर त्याला परत ट्रेनिंगला बसवतात!”

तिच्या मनात काही नव्हतं. आज मी शपथेवर सांगेन, की नव्हतं. आमच्यातल्या दोघी फिसकन हसल्याही. पण ज्या दिवशी बाईंच्या हातातून खडू गेला, त्याच दिवशी, त्यांच्याच घरात, त्यांच्याच मैत्रिणींसमोर त्यांचं इंग्रजी शिळं ठरलं. बाईंनी बशी खाली ठेवली. “बरं झालं सांगितलंस,” म्हणाल्या. “यापुढे तूच शिकवत जा.”

तिथून बिनसलं. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं. बाई तिच्याशी मोजकं बोलू लागल्या. तिनं एक-दोनदा विचारलं, आई, काय झालं? बाई म्हणाल्या, काही नाही. मग तीही गप्प बसू लागली. घर दोन खोल्यांचं, त्यात दोन बायका मुक्यानं स्वयंपाक करतायत. शेवटी मंदारनं कल्याणला नव्या इमारतीत घर घेतलं. जाताना त्यानं विचारलं, “आई, तुला वाईट नाही ना वाटणार?” बाईंनी खाली बघत उत्तर दिलं. काय दिलं ते सांगायला नकोच.

मंदार महिन्यातून एखाद्या रविवारी एकटा यायचा. ऋतुजा नाही. मी जमेल तेव्हा शनिवारी बाईंकडे जायची. भिंतीवर लग्नातला फोटो तसाच होता. बाई त्यातल्या ऋतुजावरची धूळ पुसताना मी स्वतः पाहिलंय. मी म्हणायची, “बाई, लहान आहे हो ती. तुम्ही मोठ्या आहात. एक फोन करा.” त्या मान ताठ करायच्या. पण मला माहीत होतं, की त्या रोज वाट बघतायत. सून परत घरात यावी, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि तेवढंच त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

एका शनिवारी मी पोचले तर बाईंचा नूर वेगळाच. मंदार आदल्या दिवशी सांगून गेला होता: ऋतुजा तुला फोन करणार आहे, मग रविवारी आम्ही दोघं जेवायलाच येतो. बाई फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी मुद्दाम इकडचं तिकडचं बोलत राहिले. फोन वाजला तसा त्यांनी आधी पदर सारखा केला आणि मग उचलला.

“हॅलो. हो, मीच बोलते,” बाई म्हणाल्या. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. पलीकडची मुलगी भराभर बोलत होती, तिचा आवाज मला पुसट ऐकू येत होता, शब्द नाही. बाईंचे डोळे भरून आले. ओठ आवळले गेले. मला वाटलं, आता तरी या मराठीत बोलतील. पण त्यांची मान तिरपी झाली, आणि त्या म्हणाल्या, “नॉट अ‍ॅट ऑल.” आणि फोन ठेवून दिला. त्यांच्या हिशेबी त्या शब्दांपुढं बोलायचं काही उरतच नसे. नॉट अ‍ॅट ऑल म्हटलं की खडू हातात आला, पुढच्या मुलाची पाळी.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“सॉरी म्हणाली गं,” बाई म्हणाल्या, आणि तोंडावर पदर धरून बसून राहिल्या. थोड्या वेळानं उठून त्यांनी तांदूळ भिजत घातले. ऋतुजाला घावणे आवडायचे.

रविवारी ते दोघं आले नाहीत.

मी संध्याकाळी फोन केला तर बाई सहज सुरात म्हणाल्या, “त्यांचं काहीतरी काम निघालं असेल.” पुढच्या शनिवारी गेले. घावणे शेजाऱ्यांकडे गेले होते. मंदारचा फोन आला होता, ‘आई, नाही जमलं’ एवढंच म्हणाला. मी म्हटलं, “मी विचारते त्याला.” बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, तसंच जसं वर्गाकडे बघायच्या. “तू यात पडायचं नाहीस. तिनं सॉरी म्हटलं, मी ते घेतलं. आता यायचं की नाही हे तिचं तिनं ठरवायचं. मी बोलवायला जाणार नाही.” मी शपथ घातल्यासारखी गप्प बसले. मंदारही हळूहळू कमी यायला लागला, आला तर घड्याळाकडे बघायचा. आईनं विचारलं नाही, लेकानं सांगितलं नाही. या घरात सगळेच मूग गिळण्यात पटाईत.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. बाई थकल्या. नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या गर्दीत त्या माझ्याबरोबर यायच्या, तेही बंद झालं. एके दिवशी मंदारचा मला फोन आला: “बाई, आईला पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आलाय. उजवी बाजू गेलीये. वाचा पण.”

हॉस्पिटलात गेले तर खोलीबाहेर, पार जिन्याजवळ, ऋतुजा एकटी बसलेली. मी म्हटलं, “इथं काय बसलीस? आत जा ना.”

“नको बाई,” ती म्हणाली. “त्यांना नाही आवडणार. त्यांनी मला स्पष्ट सांगितलेलं.”

“काय सांगितलं?”

“मी फोन केलेला एकदा. सॉरी बोलले. मी खूप रडत होते बाई. मी विचारलं, आई, तुमचा माझ्यावरचा राग गेला का? तर नॉट अ‍ॅट ऑल, एवढं बोलून फोन ठेवून दिला. अजिबात नाही. आणि ते पण मुद्दाम त्याच शब्दात, ज्याच्यावर मी हसलेले. मी दुसऱ्या दिवशी कशी येणार होते? मंदारला बोलले, तुझ्या आईनं मला तोंडावर मारलंय, आता मला जा म्हणू नकोस.”

मी तिच्या शेजारी बसले. ज्या एका वाक्यानं बाईंनी तिला घरात घेतलं, त्याच वाक्यानं ती घराबाहेर राहिली होती, आणि दोघी आपापल्या जागी वाट बघत होत्या. मी तिला म्हटलं, “अगं, मी तिथंच बसले होते. त्यांचे डोळे वाहत होते. त्यांनी तुझ्यासाठी तांदूळ भिजत घातले.” तिला खरं वाटेना. मग मी तिला सासऱ्यांच्या वेळची गोष्ट सांगितली. डॉक्टर सॉरी म्हणाले, आणि बाई काय म्हणाल्या.

ऋतुजानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मग म्हणाली, “मी एकदा परत विचारायला पाहिजे होतं. आई, म्हणजे काय, एवढंच.” आणि उठून आत गेली.

बाईंना घरी आणलं तेव्हा ऋतुजानं सुट्टी घेतली आणि कल्याणचं घर बंद करून दोघं ठाण्याला येऊन राहिली. स्पीच थेरपीसाठी एक मुलगी यायची. बाईंना सगळं समजत होतं, पण शब्द सापडत नव्हते. पहिला शब्द महिन्याभरानं आला. दाराकडे बघून म्हणाल्या, “खंय?” मालवणीत, म्हणजे कुठे. कोण कुठे, ते कळलं नाही. मग “पानी” आला. मग “नको”. इंग्रजी मात्र एक अक्षर आलं नाही. जी भाषा त्यांनी एवढ्या कष्टानं कमावली, जन्मभर साठ साठ मुलांना वाटली, ती जाताना सगळी गेली. लहानपणची, कुणी न शिकवलेली तेवढी राहिली. थेरपीवाल्या मुलीला मी सांगितलं, की यांचा एक आवडीचा शब्द होता. तिनं रोज म्हणून बघितलं. बाई तिच्या ओठांकडे बघायच्या आणि मान वळवायच्या.

ऋतुजा एवढं एक ऐकायला आसुसली होती. ती मला म्हणाली, “मला माहितीय आता. पण त्यांच्या तोंडून एकदा पाहिजे.”

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका शनिवारी दुपारी. त्यानंतर आठवड्याभरातच दुसरा झटका आला आणि बाई गेल्या. त्या दुपारी ऋतुजा त्यांना चमच्यानं चहा पाजत होती. बाईंची मान हलली आणि चहा हनुवटीवरून गळ्यापाशी सांडला. ऋतुजा घाबरून नॅपकिननं पुसायला लागली, “सॉरी, सॉरी आई, पोळलं का? सॉरी.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलायला लागले. ऋतुजाचा हात जागच्या जागी थांबला. बाई खूप धडपडल्या. मान एका बाजूला झुकली, गळ्याची शीर ताठ झाली, नाकपुड्या फुलल्या. शब्द कुठंतरी अगदी जवळ होता, आणि येत नव्हता. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना अशा उघड रडताना पाहिलं नव्हतं. आणि त्या म्हणाल्या, “नको.”

ऋतुजाचा चेहरा पडला. तिनं कप खाली ठेवला, उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवला. क्षणभर मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पण ती उठली नाही. ती आणखी पुढं सरकली, बाईंच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, “काय नको, आई? चहा नको?”

बाईंनी नकाराच्या खुणेनं डोळे मिटून उघडले. नाही.

“मी इथं बसलेली नको?”

बाईंनी डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं. त्या हातात जेवढा जीव उरला होता, तेवढा सगळा लावून पकडलं.

“सॉरी नको?” ऋतुजानं विचारलं. “सॉरी म्हणू नको?”

बाई रडत रडत तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी मनगट सोडलं नाही. चहा गार होत होता. मी माझी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.